साडेपाच किलो तांबं

बाबा, दोन आठवड्यांपूर्वी मी बचत गटाच्या बैठकीत एका माणसाला चोर म्हटलं, आणि पुरावा म्हणून तुमच्या हातची पावती सगळ्यांना वाचून दाखवली. उभी राहून, आवाज चढवून वाचली. बारा वर्षांपूर्वीची पावती, गटाच्या फाइलीत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. तिच्यावर तुमचं ते टोकदार, उजवीकडे कललेलं अक्षर: गिरणीची मोटर नव्याने भरून दिली, तांब्याची तार साडेपाच किलो. वाचताना मला तुमचा केवढा अभिमान वाटत होता! आज त्या कागदाकडे बघवत नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही दहा वर्षांपूर्वीच मरून मोकळे झालात, याचाही मला राग येतो. मेलेल्या माणसाला किती सोयीचं असतं सगळं. त्याला कुणी काही विचारत नाही, आणि त्याच्या नावाने बाकीचे बोलत राहतात.

झालं असं. आईच्या गटाची धान भरडायची गिरणी अजून तिथेच आहे, विहाराच्या मागच्या टिनाच्या खोलीत. गटात अकरा बाया आहेत आणि मी त्यांची सचिव, कारण पदवी घेऊन गावातच राहिलेली मी एकटीच. नवं धान घरोघर आलं आणि चौथ्या दिवशी मोटरीतून धूर निघाला. जळक्या वार्निशचा वास आला तशी मी आईला म्हटलं, वायंडिंग गेली, आतली तार जळली. तो वास मला कुठेही ओळखू येईल. मोटर सिंदेवाहीला नेली, ती पूर्वी तुमच्याकडे कामाला असलेल्या भाऊंकडे. तुमचं दुकान होतं तिथून चार दुकानं पलीकडे आता त्यांचं स्वतःचं दुकान आहे. आमच्या अध्यक्ष, म्हणजे समोरच्या घरातल्या मावशी, कुरकुरल्या. "त्याच्याकडे? तुह्या बाबानं त्याले काऊन काढलं होतं, माहीत आहे ना?" मला माहीत होतं. तुम्ही एकदा जेवताना म्हणाला होतात, त्याचा हात चांगला नाही, तांबं कमी भरत होतं. एकदाच म्हणालात, भात कालवता कालवता. पण गावाला तेवढं पुरलं. मी तरी म्हटलं, जवळ आहेत, काम चांगलं करतात, आपण भाव तर विचारू. भाव बरोबर आहे की नाही ते मी ठरवते. मिस्त्रीची पोर आहे, मला समजतं.

मोटर देताना मी भाऊंना दोनदा बजावलं, आत साडेपाच किलो तांबं आहे, बाबांची पावती आहे. दोन दिवसांनी त्यांनी मोटर उघडून भाव कळवला. वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला: नवी तार साडेपाच किलो, कागद आणि वार्निश, बेअरिंग एक, मजुरी, सगळं मिळून सव्वानऊ हजार. मी फोन लावला. "भाऊ, जुन्या तांब्याचे किती वजा केले?" पलीकडे थोडा वेळ फक्त रस्त्यावरचे हॉर्न. मग म्हणाले, "जुन्याचं काही धरलं नाई, बाई." "का नाही धरलं?" "नाई धरलं. मजुरीत पाहून घेतलं मी. तू नीट वाच कागद. भाव वाजवी आहे." मी कागद नीट वाचला नाही. मजुरीत पाहून घेतलं म्हणजे काय, हेही विचारलं नाही. जुन्या तांब्याचं नाव काढल्यावर माणूस गप्प होतो, एवढंच मी ऐकलं आणि माझा निकाल तिथेच लागला.

कारण मला तुमचं दुकान आठवत होतं. मी चौथीत आहे. शाळा सुटली की बसस्टँडजवळच्या तुमच्या शेडमध्ये येऊन बसते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या बाजूला टांगलेला तराजू. कुणाची मोटर जळून आली की तुम्ही मालकाला स्टुलावर बसवता. "बसा भाऊ, चहा घ्या, डोळ्यानं पाहून घ्या." त्याच्या समोर छिन्नीने जुन्या कॉइली तोडता, ओढून काढता, जाळता, राख झटकता आणि वजन करता. जेवढं तांबं निघेल तेवढ्याची किंमत बिलातून कमी. बाकीचे मिस्त्री जुनं तांबं गपचूप आपल्या पोत्यात, चुंगडीत टाकून घेतात, तुम्ही घेत नाही, म्हणून लोक दोन दुकानं ओलांडून तुमच्याकडे येतात. एक दिवस खाली पडलेला तारेचा वीतभर तुकडा मी उचलते, घासून लख्ख करते आणि बोटाला तीन वेढे देते. अंगठी. तुमचं लक्ष जातं. तुम्ही मारत नाही. "कोणाचं आहे थे?" मी म्हणते, खाली पडलं होतं. "पडलं होतं तं तुह्यं झालं का?" आणि मला सायकलवर पुढे बसवून, उन्हात, त्या मोटरीचा मालक असलेल्या पाटलाच्या गावाला नेता. तो माणूस हसतो. "अवो मिस्त्री, पोरीच्या बोटातली अंगठी कायले काढता, राहू द्या ना!" तुम्ही राहू देत नाही. मी अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवते. येताना मी पुढच्या नळीवर बसून मुसमुसत असते आणि तुमची हनुवटी माझ्या डोक्याला लागत असते.

त्या वीतभर तारेवर मी माझं अख्खं आयुष्य उभं केलं, बाबा. परीक्षेत शेजारणीचा पेपर दिसत असताना मी मान वळवली नाही. वसतिगृहातल्या मुली मला "हेडमास्तरीण" म्हणायच्या, कारण कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर मी उठून त्याच्याकडे जायची. मला वाटायचं, आपल्या घरात कुणी शिकलेलं नाही, जमीन दीड एकर, पण आपल्याकडे हे आहे.

तर मी ब्रह्मपुरीच्या एका दुकानाला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, साडेसहा हजारांत भरून देतो, जुनं तांबं आमचं. मी कागदावर दोन रकाने पाडले. फरक पावणेतीन हजारांचा. साडेपाच किलोची जुनी तार जळून, घटून पाच किलो तरी निघणार, भंगारात तिचे तीन हजार कुठे गेले नाहीत. सगळं जुळलं. इतकं नेमकं जुळलं की मला आनंद झाला. तो आनंद मला आता सगळ्यात जास्त टोचतो. चोर पकडल्याचा आनंद, आणि तो शिकलेल्या माणसाने, कागदावर, पद्धतशीर पकडल्याचा.

मंगळवारी दुपारी विहाराच्या ओट्यावर बैठक झाली. मी दोन्ही भाव वाचले, मग तुमची पावती वाचली. "यात साडेपाच किलो तांबं आहे. ते आपलं आहे. भाऊ म्हणतात जुन्याचं काही धरलं नाही. म्हणजे ते कुठे गेलं?" मावशींनी मांडीवर हात आपटला. "मी म्हणतच होती. त्याचा हात तसाच, पहिलेपासून." एक काकू म्हणाली, "जाऊ दे वं, गरीब माणूस आहे, दोन पैसे खाऊन राह्यला तं खाऊ दे. आपलं धान पडून आहे." मी म्हटलं, "काकू, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे." "तत्त्व भरडलं तं तांदूळ निघते का वं?" सगळ्या हसल्या. मला त्या हसण्याचा राग आला आणि रागात मी ते बोलले. "चोरी ती चोरीच. बाबांनी त्यांना उगाच काढलं नव्हतं." हसणं थांबलं. आई खांबाला टेकून बसली होती, तिने मान वर केली नाही. ठरलं की मी जाऊन मोटर आणि जुनं तांबं परत आणायचं. तेवढ्यावर मी थांबले नाही. तालुक्यातल्या गटांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर मी लिहिलं की सिंदेवाहीत मोटर भरायला देताना जुनं तांबं मोजून मागा, विशेषतः अमुक दुकानात. खाली अंगठे आले, टाळ्या आल्या.

बुधवारी मी एकटीच गेले. दुकानासमोर एक माणूस त्याची मोटर ऑटोत परत चढवत होता. ती अजून उघडलीही नव्हती. त्याच्या बायकोने मोबाइलवर काही वाचलं होतं म्हणे. भाऊ स्वतः त्याला मोटर उचलू लागत होते. ऑटो गेल्यावर हात पुसत म्हणाले, "ये बाई. पाह्य, तुह्या मोबाइलनं माह्यं गिऱ्हाईक नेलं." मी बसले नाही. "भाऊ, आमची मोटर द्या आणि आमचं जुनं तांबं द्या."

"मोटर ने. जुनं नको नेऊ."

"का? आमचं आहे ते."

"तुमचंच आहे. मी कुठी म्हणतो माह्यं आहे? पण नको नेऊ म्हणतो ना. ऐकत जाय माणसाचं."

"गेलं का भंगारात?"

हे मी त्यांना विचारलं. लहानपणी ज्यांनी मला खांद्यावर बसवून आठवडी बाजार दाखवला, त्यांना. ते आत गेले आणि एक चुंगडी आणून माझ्या पायाशी ठेवली. ठेवताना आवाज झाला नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. मी वाकून ती उचलली आणि ती इतकी सहज वर आली की माझा तोल गेला. पाच किलो तांब्याला किती जोर लावायचा, हे माझ्या हाताला ठाऊक आहे, त्याने तेवढा जोर लावला होता. मी चुंगडीत हात घातला, एक तार ओढली, वरचा जळका थर नखाने खरवडला. लाल निघायला हवी होती. पांढरी निघाली. दुसरी ओढली, तीही पांढरी. वाकवली तर कट्कन तुटली. ॲल्युमिनियम. अख्खी मोटर तांब्यापेक्षा स्वस्त, हलक्या आणि लवकर तापणाऱ्या ॲल्युमिनियमने भरलेली.

मी म्हटलं, मधे कुणी तरी उघडली असेल. भाऊ म्हणाले, "कोणी नाई उघडली. अन् मले काय सांगतेस? मीच भरली होती ना ती, तुह्या बाबासमोर बसून. मी म्हटलं, मिस्त्री, पावती तांब्याची अन् हे काय? तं म्हणाले, बायाईची गिरणी आहे. तास-दोन तास चालते दिवसातून. धकते."

धकते. बाबा, हा शब्द मी तुमच्या तोंडून हजारदा ऐकला आहे. सायकलच्या जुन्या टायरबद्दल, भाजीत मीठ कमी पडल्यावर, माझ्या आखूड झालेल्या फ्रॉकबद्दल. मी भाऊंना खोटं ठरवू शकले असते, पण हा शब्द त्यांना बनवता आला नसता. तो तुमचाच होता. आणि त्या शब्दाबरोबर मला आणखी एक गोष्ट उलगडली, उभ्या उभ्या, ती चुंगडी हातात असताना.

गटाने जुनी विकत घेतलेली मोटर तुम्ही भरून दिलीत आणि गिरणी सुरू झाली, त्या दिवशी तुम्ही स्वतः विहारामागे आला होतात. मी सातवीत होते, मला तुमचा पांढरा शर्ट आठवतो. तुम्ही बायांना गोळा करून सांगितलं होतं, तासभर चालवा, मग अर्धा तास आराम द्या, वरून ओलं पोतं टाका, मोटर जपून वापरायची असते. बाया तुमचं ऐकून घेत होत्या, मिस्त्री सांगतोय म्हणून. बारा वर्षं त्यांनी ते पाळलं. तास झाला की गिरणी बंद, ओलं पोतं, अर्धा तास सगळ्या बसून. मोटरीला त्यांनी "महाराणी" नाव ठेवलं. "महाराणी झोपली, आता उठल्याशिवाय काही नाई." पलीकडच्या वस्तीवरून, टोल्यावरून डोक्यावर धान घेऊन आलेल्या बाया घरी लेकरू रडत असेल म्हणून जीव वरखाली करत तिथेच बसून राहायच्या. गावातल्या त्या दुसऱ्या, पुरुषाच्या गिरणीची मोटर दिवसभर चालते, तेव्हा आपलीच अशी का, असं कुणी विचारलं की बाकीच्या म्हणायच्या, मिस्त्रीनं सांगतलं आहे, तांब्याची आहे, जपा लागते. तुम्हाला माहीत होतं ती का तापणार. म्हणून तुम्ही आधीच आराम सांगून ठेवलात. फसवणूक एका दिवसाची नव्हती, तुम्ही त्यांना तिची रोजची सवय लावून दिलीत, आणि त्या सवयीला शिस्त समजून त्या तुमचे आभार मानत राहिल्या. त्यात माझी आई होती. तुमची बायको त्या ओल्या पोत्याशेजारी बसत होती, आणि तुम्ही म्हणालात, बायाईची आहे, धकते.

कुणा पाटलाच्या मोटरीत तुम्ही हे भरलं असतं का? नसतं भरलं. त्यांच्या मोटरीतली वीतभर तार परत द्यायला तुम्ही मला उन्हात नेलंत. म्हणजे त्या दिवशी मी प्रामाणिकपणा शिकलेच नाही की काय? मालकाला घाबरायला शिकले? मला याचं उत्तर हवं आहे आणि तुम्ही देऊ शकत नाही.

भाऊंनी मला स्टुलावर बसवलं. मी विचारलं, बाबांनी तुम्हाला काढलं ते यावरूनच? ते म्हणाले, "काढलं नाई. मीच सोडलं, वर्षभरानं. तिथी बसणं होईना माह्याकडून. गावात काय सांगतलं थे मले मागाहून समजलं." मी म्हटलं, भाऊ, मग तुम्ही का बोलला नाहीत, कधीच? "कोणाले बोलू? मिस्त्रीचं नाव मोठं. मंग थे मेले. मेलेल्यावर बोललो असतो तं लोकाईनं मलेच चपलेनं मारलं असतं." आणि मला? फोनवर तरी सांगायचं. "तुले कसं सांगू, पोरी? तू म्हणून राह्यली, बाबाची पावती आहे, बाबाची पावती आहे. म्हटलं, मजुरी अर्धी लावून देतो, वजाबाकी होऊन जाते, कोणाले काही समजत नाई. तू मजुरी पाह्यलीच नाई का?" मी मोबाइल काढून तो फोटो पुन्हा पाहिला. मजुरी खरंच अर्धी होती. मी बेरजा लावल्या होत्या, फक्त ती ओळ वाचली नव्हती. तांबं नसलेल्या मोटरीचं जुनं तांबं त्यांनी आपल्या मजुरीतून वजा केलं होतं, तुमची लाज झाकायला. ब्रह्मपुरीवाल्याने मोटर उघडली असती तर त्याने ते सगळ्यांना दाखवलं असतं, भावही वाढवला असता. म्हणजे भाव वाजवी होता. वाजवीपेक्षा कमीच होता.

आणि वर ते काय म्हणाले माहीत आहे? निघताना म्हणाले, "एक सांगतो, राग नको येऊ देऊ. ॲल्युमिनियम भरून बारा वर्षं चालली ही. असं कोणाकडून होत नाई. काय हात होता मिस्त्रीचा!" मनापासून म्हणाले. मला ती चुंगडी रस्त्यावर भिरकावून द्यावीशी वाटली. इतका चांगला हात, बाबा, आणि त्याच हाताने तुम्ही हे केलंत.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढे होती, लाखोळीच्या डाळीला फोडणी देत होती. मी सांगितलं. तिने कढईतला झारा थांबवला नाही. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" "तार मले काय समजते, बाई." "आई, माहीत होतं का?" ती म्हणाली, "त्या दिवशी त्याले म्हटलं, मोटर हलकी दिसते, उचलाले दोनच माणसं लागली. तं म्हणे, तू आपला भात पाह्य." मग डाळीत पाणी ओतलं, वाफ आली, तिचं तोंड दिसेना. "त्यानं काऊन केलं थे मले विचारू नको. मी विचारलं असतं तं सांगतलं असतं का त्यानं? तू त्या माणसाले सोडव. त्याच्यावरचं काढून टाक, थे बरोबर आहे. पण तुह्या बाबाचं नाव नको घेऊ. मले त्याच बायाईत बसा लागते." मी खूप बोलले त्या दिवशी. सत्य, जबाबदारी, सगळं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं बोलून? जेव आता."

मी कारण शोधलं. आठवडाभर शोधलं. त्या वर्षी घरात कुणी आजारी नव्हतं. लग्न नव्हतं. माझी शाळा जिल्हा परिषदेची, तिला पैसे लागत नव्हते. तुम्ही पीत नव्हता. माझ्या शिक्षणासाठी केलं असं म्हणून मला गप्प बसवता आलं असतं, पण ते खरं नाही, मी वर्षं जुळवून पाहिली आहेत. गरज असती तर मला तुम्हाला माफ करायला निदान जागा मिळाली असती. तुम्ही केलं, कारण त्या वेळी करता आलं, आणि ज्यांच्या बाबतीत केलं त्या उलटून विचारणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. एवढंच कारण आहे. मला याहून मोठं सापडलं नाही.

काल पुन्हा मंगळवार होता. मी भाऊंना बोलावून घेतलं होतं. ते ओट्यावर चढले नाहीत, दारापाशी उभे राहिले. मी उभी राहिले. रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती, ती तशीच म्हटली. मागच्या वेळी मी बोलले ते चूक होतं. जुनी तार तांब्याची नव्हतीच, ॲल्युमिनियमची होती, म्हणून वजा करायला काही नव्हतं. भाऊंनी मजुरी अर्धी लावली आहे. आणि पूर्वीही त्यांनी काही चोरलेलं नाही. बाबांनी त्यांना काढलं नव्हतं, ते स्वतः सोडून गेले. बाबा त्यांच्याबद्दल जे म्हणाले ते चुकीचं होतं, आणि ते मी पुन्हा म्हटलं, त्याची मी माफी मागते. मी भाऊंकडे वळून हात जोडले. ते गडबडले. "अवं बाई, राहू दे, राहू दे." मोबाइलवरचा मजकूरही मी तिथेच, सगळ्यांना वाचून दाखवून, दुरुस्त केला. खाली माझं नाव लिहिलं.

इथवर मी जे ठरवलं होतं ते केलं. मग मावशी म्हणाल्या, "थे सगळं ठीक आहे. पण पावती तं तांब्याची आहे ना? मंग ॲल्युमिनियम आलं कुठून?"

अकरा बाया माझ्याकडे पाहत होत्या. दहा म्हणायला हवं, आई पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. बाबांनी फसवलं. ते मी घरी आरशासमोर म्हणून पाहिले होते, सहज येत होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "तार विकणाऱ्याने बाबांना फसवलं असेल. वरून ती तांब्यासारखीच दिसते."

तुम्ही हसला असतात. वीस वर्षं तार हाताळलेला मिस्त्री रीळ उचलताच ओळखतो, डोळे बांधले तरी ओळखतो. मी नखाने खरवडताच ओळखली. बायांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, कारण खरं काय ते सांगू शकणारे तिथे तेवढे एकच होते. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते म्हणाले, "हो. येत होती तशी तार त्या टाइमले. लय लोक फसले." ज्यांच्या नावावर तुम्ही एक खोटं टाकलंत आणि मी दुसरं, त्यांच्याकडून मी तिसरं वदवून घेतलं. मावशी चुकचुकल्या. "भोळाच होता बिचारा मिस्त्री. सगळ्याईले आपल्यासारखाच समजे." बाया माना हलवत राहिल्या. काम भाऊंकडेच द्यायचं ठरलं आणि बैठक उठली. घरी येताना आईने वाटेत माझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मी तो सोडवून घेतला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि गावात कुणाला वाचायला देण्याची हिंमत माझ्यात नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहील. राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. फक्त एक गोष्ट तुमच्यापासून लपवू नये म्हणून लिहिते. मावशी "भोळाच होता" म्हणाल्या, आणि सगळ्या बायांचे चेहरे तुमच्यासाठी मऊ झाले, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी मला बरं वाटलं, बाबा.